कीव, १९७३ : पाराजानोव खटला आणि गाळलेला देह

१७ डिसेंबर १९७३ रोजी कीवमध्ये चित्रपट-दिग्दर्शक सर्गेई पाराजानोवला अटक झाली. बंद दाराआड खटला चालला आणि २५ एप्रिल १९७४ रोजी निकाल लागला : पाच वर्षं, कडक शिस्तीच्या श्रमछावणीत. मुख्य कलमं दोन होती. युक्रेनियन सोव्हिएत प्रजासत्ताकाच्या फौजदारी संहितेतलं कलम १२२ पुरुषापुरुषांतल्या शरीरसंबंधाबद्दल होतं, तर कलम २११ अश्लील साहित्य पसरवण्याबद्दल. निकाल लागला तेव्हा पाराजानोव पन्नास वर्षांचा होता. युक्रेनियन भाषेतला सर्वात गाजलेला चित्रपट त्याच्या नावावर जमा होता आणि गेली काही वर्षं त्याच्या हाताला काम नव्हतं.

हे प्रकरण साधारणपणे असं सांगितलं जातं : पाराजानोव युक्रेनियन संस्कृतीच्या बाजूने उभा राहिला, केजीबीच्या डोळ्यांत खुपू लागला, त्याला राजकीय कलमाखाली पकडलं असतं तर जगभर बोभाटा झाला असता, म्हणून नीतिमत्तेचं घाणेरडं बालंट रचलं, मग जगातले मोठे दिग्दर्शक त्याच्यामागे उभे राहिले आणि तो सुटला. यातलं जवळजवळ सगळं खरं आहे. माझी तक्रार 'बालंट' या शब्दापाशी सुरू होते. पाराजानोवला वाचवण्यासाठी त्याच्यावरचा आरोप खोटाच असला पाहिजे, असं धरून चालल्याने त्याच्या कलेतला देह, पुरुषाच्या सौंदर्याकडे खिळलेली नजर, स्त्री आणि पुरुष यांच्यामधली मोकळी ये-जा, हे सगळं युक्रेनच्या कलेतिहासात बराच काळ अस्पर्शित राहिलं. खटला राजकीय होता. ज्याच्यावर तो चालवला, त्या माणसाचं पुरुषांवर प्रेम होतं. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत, आणि हे प्रकरण नीट वाचायचं तर दोन्ही एकदमच हातात धरावी लागतात.

माणूस आणि शहर

पाराजानोवचा जन्म ९ जानेवारी १९२४ चा, तिबिलिसीतला. घर आर्मेनियन, वडील जुन्या वस्तूंचे व्यापारी. घरात गालिचे, आरसे, दागिने, झुंबरं यायची आणि विकली जायची. वस्तूंची ही ओढ त्याच्यात शेवटपर्यंत राहिली. मॉस्कोच्या चित्रपट-संस्थेत तो इगोर सावचेन्को या युक्रेनियन दिग्दर्शकाच्या हाताखाली शिकला आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला कीवच्या दोव्झेन्को स्टुडिओत दाखल झाला. स्वित्लाना श्चेर्बात्युक या युक्रेनियन तरुणीशी त्याने लग्न केलं. १९५८ मध्ये त्यांना मुलगा झाला. लग्न टिकलं नाही, पण स्वित्लानाशी नातं टिकलं. छावणीतून त्याने तिला आणि मुलाला लिहिलेली पत्रं आजही वाचायला मिळतात. याच्याही आधी, १९४८ मध्ये, तिबिलिसीत त्याला पुरुषसंबंधांच्या आरोपाखालीच शिक्षा झाली होती. काही महिन्यांत तो माफीवर सुटला. म्हणजे १९७३ साली कीवच्या पोलिसांना पाराजानोवविरुद्ध कुठलं कलम काढायचं याचा शोध घ्यावा लागला नाही. ते त्याच्या फायलीत आधीपासून होतं.

१९६४ साली त्याने मिखाइलो कोत्सुबिन्स्की यांच्या १९११ च्या दीर्घकथेवर 'विस्मृत पूर्वजांच्या सावल्या' हा चित्रपट केला. कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांची ही कथा. छायाचित्रण युरी इल्येन्कोचं, संगीत मिरोस्लाव स्कोरिकचं, इवानच्या भूमिकेत इवान मिकोलायचुक, मारिच्काच्या भूमिकेत लारिसा कादोच्निकोवा. संवाद हुत्सुल बोलीत. ते रशियनमध्ये डब करायला पाराजानोवने नकार दिला. त्या काळात हा नकार साधा नव्हता.

४ सप्टेंबर १९६५ रोजी कीवच्या 'उक्राइना' चित्रपटगृहात या चित्रपटाचा खास खेळ होता. पाराजानोव आणि मंडळी मंचावर आली. मग समीक्षक इवान ज्यूबा उभा राहिला आणि त्या उन्हाळ्यात युक्रेनियन लेखक-कलावंतांची गुपचूप धरपकड झाली आहे, हे त्याने भर सभेत सांगितलं. गोंधळ उडाला. भोंगा वाजवून त्याचा आवाज बुडवायचा प्रयत्न झाला. पत्रकार व्याचेस्लाव चोर्नोविल आणि कवी वासिल स्तुस यांनी प्रेक्षकांना निषेध म्हणून उभं राहायला सांगितलं, आणि काही जण उभे राहिले. स्तुसने पुढे त्याची किंमत प्राण देऊन चुकवली. १९८५ मध्ये तो छावणीत वारला. पाराजानोवच्या चित्रपटावर त्या संध्याकाळपासून एक शिक्का बसला.

पुढचा चित्रपट कीव शहरावरच होता. त्याचे स्क्रीन-टेस्ट झाले आणि १९६६ मध्ये तो थांबवला गेला. पंधरा-एक मिनिटांचं चित्रण उरलं. पाराजानोव येरेवानला गेला आणि तिथे सायात-नोवा या कवीवर चित्रपट केला. तोही दुसऱ्याच्या हातून कापून, 'डाळिंबांचा रंग' असं नाव देऊन बाहेर काढण्यात आला. १९६८ मध्ये युक्रेनमधल्या राजकीय खटल्यांविरुद्ध १३९ जणांनी ब्रेझनेव्ह वगैरे नेत्यांना पत्र लिहिलं, त्यावर पाराजानोवची सही होती. डिसेंबर १९७१ मध्ये मिन्स्कला तरुणांसमोर त्याने सोव्हिएत चित्रपट-व्यवस्थेवर बेधडक भाषण केलं. जानेवारी १९७२ मध्ये युक्रेनभर बुद्धिजीवींच्या अटकेची मोठी लाट आली. त्याच वर्षी मे महिन्यात पेत्रो शेलेस्टच्या जागी व्होलोदिमिर श्चेर्बित्स्की युक्रेनच्या पक्षप्रमुखपदी आला, आणि युक्रेनियन भाषा-संस्कृतीला मिळणारी उरलीसुरली मोकळीकही गेली.

कलम १२२ चं काम

ऑक्टोबर क्रांतीनंतरच्या पहिल्या सोव्हिएत फौजदारी संहितेत पुरुषसंबंध हा गुन्हा नव्हता. तो पुन्हा गुन्हा झाला स्टालिनच्या काळात, १७ डिसेंबर १९३३ च्या ठरावाने. मार्च १९३४ मध्ये त्याला पक्कं कायद्याचं रूप मिळालं आणि सर्व प्रजासत्ताकांनी तो आपापल्या संहितेत घातला. पाराजानोवला अटक झाली ती त्या ठरावाला बरोबर चाळीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी. हा योगायोगच. पण चाळीस वर्षांत हे कलम कसं मुरलं होतं, ते या प्रकरणात स्वच्छ दिसतं.

या कलमाला तक्रारदाराची गरज नव्हती. दोन प्रौढ पुरुषांनी राजीखुशीने जवळ येणं हाच गुन्हा, त्यामुळे दोघेही आरोपी, आणि दोघांपैकी कुणालाही फोडून साक्षीदार करता येई. 'तू बोल, नाहीतर तूच आत' एवढं म्हटलं की पुरे. पोलिसांच्या हाती खबऱ्यांची फौज आपोआप तयार होई. आपल्याकडे कलम ३७७ सप्टेंबर २०१८ पर्यंत प्रौढांच्या संमतीच्या संबंधांनाही लागू होतं. ते खटल्यांपेक्षा धमकावण्यासाठीच कसं वापरलं जाई, हे ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना ही यंत्रणा समजावून सांगावी लागणार नाही. पाराजानोवच्या प्रकरणातही अनेकांना चौकशीला बोलावलं गेलं. त्याच्या परिचयातल्या एका वास्तुविशारदाने चौकशीनंतर आत्महत्या केली. खटल्याच्या गोष्टीत हा मृत्यू एका ओळीत येतो आणि जातो. मला तो या प्रकरणाच्या केंद्राजवळ वाटतो. पाराजानोवच्या मागे फेलिनीसारखा जगप्रसिद्ध इटालियन दिग्दर्शक होता. या माणसामागे कुणीच नव्हतं.

इथे एक अवघड गोष्ट टाळता येणार नाही. कलम १२२ चा दुसरा भाग बळजबरीबद्दल होता आणि पाराजानोववर तोही लावला गेला. आज बळजबरीचा आरोप कुणी हलक्यात घेऊ नये, मीही घेत नाही. पण बंद दाराआडचा खटला, स्वतःच तुरुंगात जाण्याच्या भीतीखाली असलेले साक्षीदार आणि निकाल आधी ठरवणारी यंत्रणा यांतून बाहेर पडलेल्या कागदाला पुरावा मानता येत नाही. संमतीचा संबंध आणि बळजबरी या दोन्हींना एकाच कलमाच्या दोन पोटभागांत बसवणाऱ्या कायद्याने आणखी एक नुकसान केलं : खऱ्या पीडिताला त्याने कधी वेगळं ऐकलंच नाही.

आणि शिक्षा न्यायालयात संपत नव्हती. सोव्हिएत तुरुंगांत कैद्यांची स्वतःची कडक उतरंड होती. या कलमाखाली आत आलेला माणूस तिच्या तळाशी ढकलला जाई. त्याचं ताट वेगळं, जागा वेगळी, त्याला शिवायचंही नाही. न्यायाधीशाने कलमाचा आकडा उच्चारला की उरलेली शिक्षा छावणी आपण होऊन देत असे. केजीबीला हे ठाऊक होतं. राजकीय कैदी म्हणून गेलेल्या स्तुसला किंवा चोर्नोविलला छावणीत मान होता. पाराजानोवला तोही मिळू नये, हा त्या कलमाच्या निवडीचा अर्थ होता.

छावणीत हातांनी काय केलं

त्याला युक्रेनमधल्याच छावण्यांत ठेवलं गेलं. आधी विनित्सा प्रांतात हुब्निक आणि स्त्रिझाव्का, नंतर आजच्या लुहान्स्क प्रांतातलं पेरेवाल्स्क. काम झाडलोटीचं, पोती शिवण्याचं. कॅमेरा नाही, रंग नाहीत. मग त्याने हाताला लागेल ते घेतलं : वाळलेली पानं, पोत्याचं कापड, दोरा, वर्तमानपत्राचे कपटे. दुधाच्या बाटल्यांना तेव्हा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्याची झाकणं असत. ती सपाट करून त्यांवर खिळ्याने तो चेहरे उठवी. पुश्किन, गोगोल. जुन्या नाण्यांसारखी दिसणारी ही झाकणं पुढे 'थेलर' म्हणून ओळखली गेली. त्यांतलं एक फेलिनीपर्यंत पोहोचलं, आणि रिमिनीच्या चित्रपट महोत्सवाचं रौप्यपदक त्यावरून घडवलं गेलं. छावणीच्या अधिकाऱ्यांनी हा कैदी वेडा तर नाही ना हे तपासायला ती झाकणं वरती पाठवली आणि 'वेडा नाही, फार प्रतिभावान आहे' असा अभिप्राय आला, असं पाराजानोव सांगत असे. त्याच्या गोष्टी नेहमी थोड्या सजवलेल्या असत. ती सजावट धरूनच त्या ऐकाव्यात.

छावणीतलं माझ्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचं काम म्हणजे १९७७ ची मोनालिसाची कोलाज-मालिका. तिचं मूळ पाराजानोवने असं सांगितलं आहे : एका कैद्याच्या अंगावर मोनालिसा गोंदलेली होती. तो हात वर करी तेव्हा ती हसे, वाके तेव्हा उदास होई, अंग खाजवी तेव्हा डोळा मारी. घामेजलेल्या, श्रमाने थकलेल्या पुरुषाच्या कातडीवर जगातला सर्वात प्रसिद्ध स्त्री-चेहरा हलतो आहे, बदलतो आहे. मालिकेतल्या कोलाजांत त्याने छापील मोनालिसा कापली, दुमडली, तिचे हात-चेहरा वेगळ्या जागी लावले, आणि एका बाईच्या अनेक बायका, कधी बाई नसलेलं कुणीतरी, तयार केलं. ज्या लिओनार्दोची ही बाई, त्याच्यावरही १४७६ मध्ये फ्लॉरेन्समध्ये निनावी चिठ्ठीवरून पुरुषसंबंधांचा आरोप झाला होता आणि तो पुढे टिकला नाही. पाराजानोवच्या मनात हे होतं की नव्हतं याने माझ्या वाचनात फरक पडत नाही. समलिंगी संबंधांसाठी कोंडलेला एक माणूस दुसऱ्या कैद्याच्या उघड्या देहाकडे पाहतो आणि त्याला तिथे स्त्री आणि पुरुष एकाच कातडीत दिसतात. कलम १२२ ला जे पाहणं गुन्हा वाटत होतं, त्याच पाहण्यातून ही मालिका आली. तिला केवळ 'तुरुंगातही न हरलेली कल्पकता' म्हणणं म्हणजे तिच्यातलं रक्त काढून घेणं.

त्याने छावणीत कैद्यांकडून ऐकलेल्या गोष्टीही गोळा केल्या. त्यांवरून पुढे युरी इल्येन्कोने, म्हणजे 'सावल्या'च्याच छायाचित्रकाराने, 'हंस-सरोवर : झोन' हा चित्रपट केला. १९९० च्या कान महोत्सवात त्याला समीक्षकांचं पारितोषिक मिळालं. पळालेला एक कैदी विळा-हातोड्याच्या पोकळ स्मारकात लपतो. तो पकडला जातो, मरणाच्या दारातून परततो तो एका पहारेकऱ्याच्या रक्तामुळे, आणि मग बाकीचे कैदी त्याला वाळीत टाकतात, कारण आता त्याच्या अंगात शत्रूचं रक्त आहे. शिवाशिवीची, देहाच्या अपवित्रतेची ही गोष्ट त्या उतरंडीच्या तळातून पाहणाऱ्या माणसालाच सुचू शकते.

सुटकेसाठी दोन मोहिमा

बाहेर पाराजानोवसाठी दोन वेगवेगळ्या मोहिमा चालल्या. कलेतिहासात त्यांतली एकच लक्षात राहिली आहे.

पहिली चित्रपट-जगताची. निकालाच्या सुमारास आंद्रेई तार्कोव्हस्की आणि समीक्षक व्हिक्टर श्क्लोव्हस्की यांनी श्चेर्बित्स्कीला पत्र लिहिलं. पश्चिमेत फेलिनी, गोदार, त्रुफो, आंतोनिओनी, बुन्युएल अशा दिग्दर्शकांनी सह्या केल्या. शेवटी कवी लुई आरागाँ मॉस्कोत आला असताना त्याने खुद्द ब्रेझनेव्हपाशी शब्द टाकला. त्यामागे लील्या ब्रिकचा आग्रह होता. ती आरागाँची मेव्हणी, वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. ३० डिसेंबर १९७७ रोजी, शिक्षा संपायला वर्षभर असताना, पाराजानोव सुटला. या मोहिमेची भाषा एकच होती : एवढ्या मोठ्या कलावंताला कोंडून ठेवू नका. आरोपाबद्दल एक तर मौन किंवा तो बनावट असल्याचा निर्वाळा.

दुसरी मोहीम इटलीतल्या समलिंगी चळवळीची. तोरिनोचा आंजेलो पेझाना हा १९७१ मध्ये स्थापन झालेल्या 'फुओरी' या संघटनेचा संस्थापक. नोव्हेंबर १९७७ मध्ये तो मॉस्कोला गेला आणि पाराजानोवच्या सुटकेसाठी आणि त्याला आत टाकणाऱ्या कायद्याविरुद्ध त्याने एकट्याने निदर्शन केलं. त्याला ताब्यात घेऊन देशाबाहेर काढलं गेलं. पेझाना जे म्हणत होता ते पहिल्या मोहिमेतलं कुणी म्हणालं नव्हतं : आरोप खरा असो वा खोटा, हा गुन्हाच असता कामा नये.

पहिल्या मोहिमेला मी दोष देत नाही. १९७४ मध्ये मित्रांनी तोंड उघडून 'हो, त्याचं पुरुषांवर प्रेम आहे, मग काय?' असं विचारलं असतं तर पाराजानोवची वर्षं वाढली असती आणि विचारणाराही आत गेला असता. तेव्हाचं मौन हे संरक्षण होतं. पण कायदा गेला, राज्य गेलं, स्वतः पाराजानोव गेला, तरी संरक्षणासाठी घेतलेलं मौन तसंच चालू राहिलं. 'त्याच्यावर घाणेरडा आरोप केला' हे वाक्य आजही पुस्तिकांत, भाषणांत सहज येतं. आरोप घाणेरडा होता असं म्हणताना आपण कायद्याच्या बाजूने उभे राहतो, हे बोलणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

चित्रं पुन्हा पाहताना

देह परत आणला तर कामं कशी दिसतात? 'सावल्या'पासून सुरुवात करावी, कारण तो युक्रेनचा राष्ट्रीय चित्रपट मानला जातो आणि म्हणून सर्वात जास्त सांभाळून वाचला जातो.

मारिच्का नदीत बुडून मरते आणि इवान पुढे पालाहनाशी लग्न करतो. त्या लग्नात दोघांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात आणि मानेवर बैलांचं जू ठेवतात. पाहणाऱ्याला वाटतं ही हुत्सुल चाल असेल. ती नाही, पाराजानोवने ती कल्पून घातली. गावाने नीट लावून दिलेलं, सगळ्यांना हवं असलेलं एक लग्न, आणि त्यात आंधळा करून जुंपलेला नवरा. त्या घरात मूल होत नाही, इवानचं मन तिथे लागत नाही, पालाहना एकटी पडते. राष्ट्रीय वाचनात हे मारिच्कावरच्या अमर प्रेमाचं दुःख आहे. ते आहेच. पण समाजाला हवा तसा नवरा होऊ न शकणाऱ्या पुरुषाची इतकी सहृदय, आणि त्याच्या बायकोवरही अन्याय न करणारी मांडणी सोव्हिएत पडद्यावर मला दुसरी दिसत नाही. ज्याचं स्वतःचं लग्न नुकतंच मोडलं होतं आणि ज्याच्या फायलीत १९४८ ची शिक्षा होती, त्या माणसाने ते जू घातलं आहे.

'डाळिंबांचा रंग' हा आर्मेनियात घडलेला चित्रपट, पण हात तोच. तरुण कवीची भूमिका सोफिको चियाउरेली या अभिनेत्रीने केली आहे आणि कवीच्या प्रेयसीचीही तिनेच. शिवाय आणखी काही भूमिका. प्रेम करणारा आणि जिच्यावर प्रेम करायचं ती, दोघांचा चेहरा एकच. लहानगा कवी हमामच्या छपरावरून आत डोकावतो तेव्हा त्याला न्हाऊ-माखू घातलेले पुरुषांचे देह दिसतात आणि शिंपल्याने झाकलेला एक स्तन. दोन्हीकडे कॅमेरा सारख्याच कुतूहलाने, सारख्याच आदराने पाहतो. मुलाच्या इच्छेला तिथे अजून दिशा दिलेली नाही, आणि पाराजानोव ती देण्याची घाई करत नाही. हा चित्रपट मी सर्वात जास्त वेळा पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी या प्रसंगापाशी थांबते. लिंगभावाबद्दल एवढं शांत, अपराधभाव नसलेलं दृश्य पुष्कळशा घोषित क्वीअर, म्हणजे लिंगभावाच्या रूढ चौकटीबाहेरच्या, चित्रपटांतही नसतं.

सुटकेनंतर त्याला कीवमध्ये राहता येईना. तो तिबिलिसीला गेला. १९८२ मध्ये तिथे लाचेच्या आरोपाखाली पुन्हा अटक झाली आणि जवळजवळ वर्षभर त्याने तुरुंगात काढलं. त्या काळात आणि नंतर त्याने कोलाज, बाहुल्या, टोप्या केल्या. जॉर्जियन अभिनेत्री नातो वाचनाद्झेने न केलेल्या भूमिकांच्या स्मरणार्थ केलेल्या बायकी टोप्या, पिसं-लेस-काचांनी लगडलेल्या, येरेवानच्या संग्रहालयात आहेत. शेवटच्या पूर्ण चित्रपटात, १९८८ च्या 'आशिक केरीब'मध्ये, त्याने शेजारच्या युरी म्गोयान नावाच्या तरुणाला नायक केलं. अभिनयाचं शिक्षण नसलेल्या त्या देखण्या मुलाकडे कॅमेरा ज्या रीतीने पाहतो, त्याला प्रेमाशिवाय दुसरं नाव देता येत नाही. २० जुलै १९९० रोजी पाराजानोव येरेवानमध्ये वारला. पुढच्या वर्षी तिथे त्याचं संग्रहालय उघडलं, 'सावल्या'ला युक्रेनचं शेवचेन्को पारितोषिक मरणोत्तर मिळालं, आणि वर्षाच्या शेवटी युक्रेनने पुरुषसंबंधांना गुन्हा ठरवणारी तरतूद काढून टाकली. माजी सोव्हिएत प्रजासत्ताकांत हे करणारं ते पहिल्या काहींपैकी होतं. पारितोषिकाची आणि कायद्याची बातमी एकाच वर्षातली, पण त्या दोन्हींना जोडून कुणी लिहिलेलं मला आढळलं नाही.

कलम गेल्यावरचं कीव

स्वतंत्र युक्रेनमध्ये देहाचा प्रश्न दृश्यकलेत पुन्हा पुन्हा वर आला आणि पुन्हा पुन्हा दाबला गेला. फेब्रुवारी २०१२ मध्ये कीव-मोहिला अकादमी या विद्यापीठातल्या दृश्यसंस्कृती संशोधन केंद्राने 'युक्रेनियन देह' नावाचं प्रदर्शन भरवलं. अध्यक्ष सेर्ही क्वित यांनी ते काही दिवसांत बंद केलं, आणि पुढे केंद्रालाच विद्यापीठातून बाहेर पडावं लागलं. २९ ऑक्टोबर २०१४ रोजी 'झोव्तेन' या जुन्या चित्रपटगृहात 'मोलोदिस्त' महोत्सवाच्या एलजीबीटी विभागातला चित्रपट चालू असताना आग लावली गेली. प्रेक्षक वाचले, सभागृह जळालं. चित्रपटगृह दुरुस्त होऊन पुन्हा उघडलं, आणि २०२३ मध्ये, रशियाचं आक्रमण चालू असताना, तोच विभाग 'सनी बनी' नावाचा स्वतंत्र क्वीअर चित्रपट महोत्सव म्हणून कीवमध्ये उभा राहिला. त्याच वर्षी मार्चमध्ये खासदार इन्ना सोव्सुन यांनी नागरी भागीदारीचं विधेयक, क्रमांक ९१०३, संसदेत मांडलं. आघाडीवर लढणाऱ्या समलिंगी सैनिकांच्या जोडीदारांना रुग्णालयात आणि मृत्यूनंतर काहीच हक्क नाहीत, हे त्यामागचं निकडीचं कारण होतं.

पेरेवाल्स्क, जिथे पाराजानोवने आपल्या शिक्षेचा शेवटचा काळ काढला, ते गाव २०१४ पासून रशियाच्या ताब्यातल्या भागात आहे. रशियात २०१३ पासून समलिंगी 'प्रचारा'विरुद्ध कायदा आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तथाकथित 'आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ' अतिरेकी ठरवली. म्हणून युक्रेनमध्ये या प्रश्नाला आज जी धार आहे, ती १९९१ मध्ये नव्हती. सोव्हिएत कायद्याला नाकारायचं तर तो पूर्ण नाकारावा लागतो. त्यातलं भाषा-संस्कृतीवरचं दडपण तेवढं नाकारून कलम १२२ ची लाज शिल्लक ठेवता येत नाही, असं तिथले तरुण कलावंत आणि अभ्यासक म्हणू लागले आहेत, आणि मला ते पटतं.

पाराजानोवच्या कामाचं पुढचं मोठं प्रदर्शन कुणी मांडत असेल, तर माझी विनंती ठोस आहे. काळपट्टीवर 'खोट्या आरोपाखाली अटक' असं लिहू नये. कलमाचा आकडा, त्याचे दोन्ही भाग आणि १९४८ ची शिक्षा लिहावी. आरागाँच्या शेजारी पेझानाचं नाव असावं, आणि चौकशीनंतर जीव दिलेल्या त्या वास्तुविशारदाचाही उल्लेख असावा. मोनालिसाची कोलाजं 'तुरुंगकाळ' नावाच्या अंधाऱ्या खोलीत वेगळी टांगण्यापेक्षा जुवाखालच्या लग्नाच्या आणि सोफिकोच्या दुहेरी चेहऱ्याच्या दृश्यांशेजारी, एकाच भिंतीवर लावावीत.